मास्क नको म्हणणारा डॉक्टर सहा दिवसांत गेला, तेव्हा कुठे जगाला वू लियन-तेह यांचं म्हणणं पटलं

तारीख 5 जानेवारी 1911. ठिकाण, चीनच्या उत्तर टोकाचं हार्बिन शहर. बाहेर पारा शून्याच्या खाली 25-30 अंश. इथल्या रशियन रेल्वेच्या प्लेग हॉस्पिटलमध्ये एक फ्रेंच डॉक्टर राऊंडला आला. नाव जेराल्ड मेस्नी. अंगात पांढरा कोट, डोक्याला टोपी, हातात रबरी ग्लोव्हज. तोंडावर मात्र काहीच नाही.

मेस्नी यांनी एकेक करून चार पेशंट तपासले. छातीला नळी लावली, पाठ ठोकून पाहिली. पेशंट खोकत होते.

तीन दिवसांनी मेस्नी यांना ताप भरला, खोकला सुरू झाला, थुंकीतून रक्त पडायला लागलं. 11 जानेवारीला ते वारले. वय 43.

त्याआधी काही दिवस याच मेस्नींनी एका 31 वर्षांच्या चिनी वंशाच्या डॉक्टरला चांगलंच फैलावर घेतलं होतं. कारण काय, तर तो सगळ्यांना तोंडाला कापड बांधायला सांगत होता.

त्या डॉक्टरचं नाव वू लियन-तेह.

कोरोनाच्या काळात हे नाव पुन्हा चर्चेत आलं. 10 मार्च 2021 ला, त्यांच्या 142 व्या जन्मदिवशी, गुगलने त्यांचं डूडलही केलं. मास्कचा जनक, एन-95 चा बाप अशा पोस्टही तेव्हा भरपूर फिरल्या. त्यातलं खरं किती आणि फोडणी किती, ते पुढे येईलच. पण आधी हा गडी हार्बिनपर्यंत पोहोचला कसा ते बघू.

वू यांचा जन्म 10 मार्च 1879 चा, पेनांगचा. पेनांग म्हणजे आजच्या मलेशियातलं बेट, तेव्हा ते इंग्रजांच्या ताब्यात होतं. वडील दक्षिण चीनमधून पोटापाण्यासाठी तिथं आलेले सोनार. पोरगा शाळेत हुशार निघाला आणि 1896 मध्ये क्वीन्स स्कॉलरशिप मिळवून थेट केंब्रिजला गेला. तिथं मेडिकलला शिकलेला तो चिनी वंशाचा पहिला विद्यार्थी मानला जातो.

त्याच 1896 मध्ये इकडे मुंबईत प्लेग शिरला होता. पुढच्या वर्षी, 10 मार्च 1897 ला, प्लेगच्या पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. योगायोग असा की त्या दिवशी केंब्रिजमधल्या वू यांना 18 वर्षं पूर्ण होत होती. पुढं याच रोगाशी आपली गाठ पडणार आहे, हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

केंब्रिजनंतर लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, मग लिव्हरपूल, जर्मनीतलं हाले आणि पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. जंतूंचा अभ्यास तेव्हा नवा होता आणि वू यांनी तो त्यातल्या बड्या लोकांच्या हाताखाली केला. एवढं शिकून 1903 मध्ये घरी परतले, तर सरकारी नोकरीत वरची जागा मिळेना. कारण साधं होतं. वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. मग पेनांगमध्ये स्वतःचा दवाखाना टाकला आणि जोडीला अफूविरोधी चळवळ सुरू केली. अफूवर तेव्हा सरकारची आणि बड्या व्यापाऱ्यांची चांगली कमाई चालायची. थोड्याच दिवसांत वू यांच्या दवाखान्यावर धाड पडली. औषधासाठी ठेवलेला थोडासा अफूचा अर्क सापडला, परवान्याचं कारण पुढे करून दंड झाला. इशारा स्पष्ट होता.

अशात चीनमधून युआन शिकाई या बड्या अधिकाऱ्याचं बोलावणं आलं. तियानजिनच्या लष्करी मेडिकल कॉलेजात उपसंचालक व्हा म्हणून. वू गेले. गंमत म्हणजे त्यांना चिनी भाषा धड येत नव्हती. पेनांगमध्ये वाढलेले, इंग्रजीत शिकलेले. तिथं जाऊन शिकावी लागली.

आता येऊ मुख्य प्रकरणाकडे.

मांचुरियात टार्बागन नावाचा एक प्राणी असतो. मार्मोटच्या जातीतला, गुबगुबीत, बिळात राहणारा. युरोपात त्याच्या कातडीला मागणी आली आणि भाव वर चढले. मग शिकारीचा काहीही अनुभव नसलेले हजारो गरीब मजूर त्याच्या मागे लागले. जुने शिकारी आजारी, सुस्त टार्बागनला हात लावायचे नाहीत. नवख्यांना हे ठाऊक नव्हतं. टार्बागनला प्लेग होतो, आणि तो माणसात आला.

हे मजूर राहायचे कसे, तर गावातल्या कोंदट धर्मशाळांमध्ये, एका कट्ट्यावर दाटीवाटीने वीस-पंचवीस जण. थंडीमुळे खिडक्या बंद. ऑक्टोबर 1910 मध्ये सीमेवरच्या मांझौली गावात पहिले पेशंट सापडले. तिथून रेल्वेने रोग हार्बिनला आला. त्यात चिनी नववर्ष जवळ आलेलं, म्हणजे सगळे मजूर गाड्या भरभरून घरी निघालेले. आपल्याकडे दिवाळीला एसटी स्टँडवर जी गर्दी असते, तशी गर्दी आणि त्यात हा रोग.

हार्बिनला लागून असलेल्या फुजियादियान या चिनी वस्तीत सुमारे 24 हजार लोक राहायचे. तिथं माणसं पटापट मरायला लागली. ताप, खोकला, रक्त आणि एक-दोन दिवसांत खेळ खल्लास. ज्याला झाला तो वाचत नव्हता.

राजकारण तर त्याहून वाईट. मांचुरियाची उत्तरेकडची रेल्वे रशियाच्या हातात होती, दक्षिणेकडची जपानच्या. चीनला साथ आवरत नाही, असं म्हणत दोघंही आत घुसायला टपलेले. त्यामुळे पेकिंगच्या परराष्ट्र खात्याला घाईघाईने एक डॉक्टर पाठवायचा होता. आधी नौदलातल्या एका डॉक्टरला विचारलं, पण गोष्टी अटींवर अडल्या आणि तो गेला नाही. तिकडे पाठवणं म्हणजे मरायला पाठवणं होतं, तेव्हा त्याला दोष तरी कसा द्यायचा. मग अल्फ्रेड से या अधिकाऱ्याला वू आठवले. वू हो म्हणाले आणि एक विद्यार्थी सहायक व मायक्रोस्कोप घेऊन 24 डिसेंबर 1910 ला हार्बिनच्या स्टेशनवर उतरले.

तीन दिवसांनी संधी मिळाली. एका धर्मशाळेच्या मालकाची जपानी बायको वारली होती. तेव्हाच्या चीनमध्ये मृतदेह फाडणं म्हणजे घोर पाप. वू यांनी गुपचूप पोस्टमॉर्टेम केलं, फुप्फुस, हृदय, यकृत, प्लीहा यांचे नमुने घेतले आणि काचेखाली पाहिले. प्लेगचे जंतू होते.

म्हणजे रोग प्लेगच. मग मास्कची भानगड कुठून आली?

तर त्या काळी प्लेग म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर उंदीर यायचा. ही शिकवण आली होती आपल्याकडून. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग होतो. पुढं परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने तेच पक्कं केलं. काखेत, जांघेत गाठ येणारा हा ब्युबॉनिक प्लेग. पेशंटजवळ बसून त्याचा खोकला अंगावर आला तरी भीती नाही, भीती पिसवांची. हे सगळं शंभर टक्के खरं होतं.

पण हार्बिनमध्ये कुणाला गाठ येतच नव्हती. उंदीर पकडून फाडले तर एकाही उंदरात प्लेग सापडेना. शिवाय उणे 25 मध्ये पिसवा फिरणार कुठं? मरणाऱ्या प्रत्येकाचं फुप्फुस मात्र रक्ताने भरलेलं असायचं. वू यांनी निष्कर्ष काढला, हा फुप्फुसाचा प्लेग आहे, खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातोय, आणि उंदरामागं धावण्यात वेळ घालवायचा नाही.

आज हे वाचताना वाटतं, त्यात काय एवढं. पण अख्ख्या वैद्यकीय जगाने नुकतंच मोठ्या कष्टाने शिकलेलं उत्तर या केसमध्ये चुकीचं आहे, हे एका तरुण आणि गोऱ्या नसलेल्या डॉक्टरने सांगायचं, म्हणजे अवघड काम होतं.

वू यांचा मास्क फार साधा होता. साधारण तीन फूट लांब आणि नऊ इंच रुंद सर्जिकल गॉज घ्यायचं, उभी घडी घालायची, मधे कापसाचा सहा बाय चार इंचाचा तुकडा ठेवायचा, दोन्ही टोकं फाडून त्याच्या बंदांसारख्या पट्ट्या करायच्या आणि डोक्यामागे घट्ट बांधायच्या. बाजारात मिळणारं सामान, किंमत किरकोळ, कुणीही बसून बनवावा असा.

मास्क वू यांनी शोधला का? नाही. 1897 मध्येच जर्मनीत मिकुलिच आणि पॅरिसमध्ये बर्जे हे सर्जन ऑपरेशन करताना तोंडाला गॉज बांधू लागले होते. पण हेतू उलटा. डॉक्टरच्या तोंडातली थुंकी पेशंटच्या जखमेवर पडू नये म्हणून. वू यांनी जाड कापूस घातला आणि मास्क पेशंटपासून डॉक्टर, नर्स, हमाल, पोलीस, सगळ्यांना वाचवायला वापरला. आणि एन-95 तर फारच नंतरचा, त्याचं तंत्रच वेगळं. त्यामुळे एन-95 चा बाप वगैरे लिहिणं म्हणजे उगाच. वू यांचं खरं काम त्याशिवायही पुरेसं मोठं आहे.

रशियन प्लेग हॉस्पिटलचे प्रमुख होते डॉ. पावेल हाफकिन. हाफकिन हे नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्या परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने आहे, त्या वॉल्डेमार हाफकिन यांचे हे नातेवाईक. वॉल्डेमार यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. हार्बिनच्या हाफकिन यांचा सगळा भरवसा त्या लशीवर. आपण टोचून घेतलंय, मास्क कशाला, असा खाक्या. वू हे हॉस्पिटल बघायला गेले तेव्हा तिथं कुणीच मास्क लावत नव्हतं. ती लस गाठीच्या प्लेगमध्ये उपयोगी पडली होती, पण फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिच्यावर विसंबणं महागात पडणार होतं.

आणि मग आले मेस्नी. तियानजिनच्या एका मेडिकल कॉलेजचे प्रमुख, अनुभवी, गाठीच्या प्लेगची एक साथ आधी हाताळलेली. हार्बिनची सूत्रं आपल्याकडे यावीत ही त्यांची अपेक्षा. हॉटेलच्या खोलीत दोघांची भेट झाली. वू यांनी आपला हवेतून पसरण्याचा मुद्दा मांडला तसा मेस्नींचा तोल गेला. एका चिनी माणसाने आपल्याला शिकवावं, हेच त्यांना सहन होईना. त्यांनी वू यांना वंशावरून टोचून बोललं. वू वाद न घालता तिथून निघाले आणि पेकिंगला तार करून राजीनामा दिला.

सरकारने राजीनामा घेतला नाही, उलट मेस्नींना परत बोलावलं. परत जाण्याआधी मेस्नी हाफकिन यांच्या हॉस्पिटलमध्ये गेले, ते 5 जानेवारीला. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

मेस्नींच्या मरणाची बातमी शहरभर पसरली आणि एका रात्रीत चित्र पालटलं. ते ज्या हॉटेलात उतरले होते ते धुऊन काढलं गेलं. रस्त्यावर जो तो मास्क लावून फिरू लागला. काहींनी तर तो गळ्यात ताईतासारखा अडकवला, तेही लिहून ठेवलेलं आहे. (हनुवटीवरचा मास्क ही 2020 ची देणगी नाही.)

वू यांची पुढची कामं जरा बारकाईने बघण्यासारखी आहेत, कारण आज हॉस्पिटलमध्ये फ्लूचे पेशंट आले की जे करतात त्याची मांडणी त्यात दिसते.

पहिली गोष्ट, पेशंटची वर्गवारी. आधी काय व्हायचं, तर खोकणारा प्रत्येक जण उचलून एकाच ठिकाणी टाकला जायचा. साधी सर्दी असलेला माणूस प्लेगच्या पेशंटशेजारी झोपायचा आणि प्लेग घेऊनच मरायचा. म्हणजे हॉस्पिटलच रोग वाटत होतं. वू यांनी खात्रीचे पेशंट, संशयित आणि नुसते संपर्कात आलेले अशा वेगळ्या जागा केल्या. संपर्कातल्या लोकांसाठी जागा नव्हती, तर रशियन रेल्वेकडून मालगाडीचे 120 डबे मागून घेतले. डब्यात शेगडी, रोज ताप मोजायचा. ताप आला की हॉस्पिटल, नाही आला तर काही दिवसांनी घरी.

दुसरी, कामगारांची काळजी. मास्क, अंगभर झगे, कामावरून आल्यावर निर्जंतुक करणं. पण गाडीवान, स्वयंपाकी, प्रेतं उचलणारे यांच्यापर्यंत हे सगळं नीट पोहोचवणं अवघड होतं, आणि सगळ्यात जास्त मेले तेच. मोहिमेत काम केलेल्या सुमारे तीन हजार माणसांपैकी जवळपास 300 जण गेले. मेस्नींचं नाव इतिहासात राहिलं, या बहुतेकांचं राहिलं नाही. मुकदेनला स्टेशनवर मजुरांची तपासणी करणारा आर्थर जॅक्सन हा तरुण डॉक्टरही त्याच जानेवारीत गेला.

तिसरी गोष्ट, हालचालींवर बंदी. फुजियादियानचे चार भाग केले, प्रत्येकाचा रंग वेगळा, दंडावर त्या रंगाची पट्टी. एका भागातून दुसऱ्यात जायला परवाना. बाहेर हजाराहून जास्त सैनिकांचं कडं. लोकांचे हाल झाले, आणि लोक चिडलेही. घरात मेलेला माणूस लपवायचे, नाहीतर रात्री रस्त्यावर आणून टाकायचे, कारण कळवलं तर अख्खं घर मालगाडीच्या डब्यात जाणार. हा राग वेडेपणाचा नव्हता. डब्यात गेलेला माणूस परत येईलच, याची हमी त्या वेळी कोण देणार होतं?

आणि मग स्मशानाचा प्रश्न. जमीन दगडासारखी गोठलेली, खड्डा खणता येईना. गावाबाहेर शवपेट्यांची रांगच्या रांग लागलेली, काही प्रेतं तर पेटीविनाच. दोन हजारांच्या वर. थंडीत जंतू टिकून राहतील, या भीतीने वू यांना ती जाळायची होती. आपल्याला दहनाचं काही वाटणार नाही, पण चिनी माणसासाठी पूर्वजाचं शरीर जाळणं म्हणजे अनर्थ. वू यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना त्या जागी नेऊन रांगा दाखवल्या, त्यांचा पाठिंबा मिळवला आणि थेट बादशहाच्या दरबाराकडे परवानगी मागितली. तीन दिवस वाट पाहिल्यावर परवानगी आली. जानेवारी संपता संपता, चिनी नववर्षाच्या सुमारास, रॉकेल ओतून प्रेतं पेटवली गेली.

त्या आठवड्यात फुजियादियानमध्ये दिवसाला दीडशेच्या वर माणसं मरत होती. त्यानंतर आकडा उतरायला लागला. 1 मार्च 1911 ला तिथला शेवटचा पेशंट नोंदवला गेला. वू यांना तिथं येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सगळ्या मांचुरियात मिळून सुमारे 60 हजार लोक गेले.

मास्कमुळे साथ थांबली की डब्यांमुळे, की दहनामुळे, की गाड्या बंद केल्यामुळे? एकाच गोष्टीला श्रेय देता येत नाही. सगळं एकदम चालू होतं. पण डॉक्टर-नर्सपुरतं बोलायचं तर पेशंटच्या तोंडासमोर उघड्या तोंडाने उभं राहायचं नाही, हे हार्बिनने शिकवलं.

एप्रिलमध्ये मुकदेनला, म्हणजे आजच्या शेनयांगला, 11 देशांची प्लेग परिषद भरली. जपानकडून कोण आलं होतं? तर हाँगकाँगमध्ये 1894 साली प्लेगचा जंतू पाहणारे कितासातो. अध्यक्षाच्या खुर्चीत मात्र 32 वर्षांचे वू. हार्बिनला जाताना त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं, त्याला चारच महिने झाले होते.

सात वर्षांनी, 1918 मध्ये, इन्फ्लुएन्झाची महासाथ आली. तोवर गॉजचा मास्क नवा राहिला नव्हता. अमेरिकेतल्या कॅम्प ग्रँट या लष्करी तळाच्या हॉस्पिटलमध्ये जोसेफ कॅप्स या डॉक्टरने त्या वर्षी कर्मचाऱ्यांबरोबर पेशंटलाही मास्क लावला आणि दोन खाटांच्या मधे चादरी टांगल्या. खोकणाऱ्याच्या तोंडावरच मास्क बांधायचा, ही पद्धत फ्लूच्या वॉर्डात आजही आहे. त्याच महासाथीत मास्कची मर्यादाही उघडी पडली. सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली, पण कापड विरळ, लावणं ढिसाळ, आणि साथ काही थांबली नाही. वू जाड कापूस आणि घट्ट बांधणं यावर का अडून बसायचे, ते इथे कळतं.

2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. रुमाल बांधलेले लोक, रांगेत खरे पेशंट आणि नुसते घाबरलेले एकत्र. तपासणीची जागा आणि ॲडमिट करण्याची जागा वेगळी ठेवायची धडपड तेव्हाही चालू होती. वू यांनी मालगाडीचे डबे मागितले होते ते याच कारणासाठी.

वू हार्बिन सोडून गेले नाहीत. 1912 मध्ये त्यांनी तिथं प्लेग प्रतिबंधाची कायमची यंत्रणा उभी केली आणि साथ नसतानाही चालणारी हॉस्पिटलं बांधली. त्यामुळे 1920-21 मध्ये फुप्फुसाचा प्लेग परत आला, तेव्हा मृतांचा आकडा 60 हजारांवर न जाता नऊ हजारांच्या आसपास राहिला. फुप्फुसाच्या प्लेगवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1926 मध्ये राष्ट्रसंघाने छापला. त्याच वर्षी त्यांनी हार्बिनमध्ये मेडिकल कॉलेज काढलं. 1930 मध्ये चीनच्या बंदरांवरची क्वारंटाइन सेवा परदेशी लोकांच्या हातातून घेऊन ती चालवली. 1935 मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव गेलं. मिळालं नाही.

पुढचा काळ युद्धाचा. 1931 मध्ये जपान्यांनी त्यांना हेर समजून पकडलं. जन्माने ते ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून सुटले. 1937 मध्ये शांघाय पेटलं, तसे ते मलायात परतले आणि इपोह गावात साधा दवाखाना टाकून बसले. तिथंही जपानी आलेच. 1943 मध्ये जंगलातल्या बंडखोरांनी त्यांना पळवून नेलं आणि खंडणी घेऊन सोडलं.

एकेकाळी 11 देशांच्या डॉक्टरांच्या परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलेला हा माणूस मग इपोहमध्ये ताप-खोकल्याचे पेशंट तपासत राहिला. गरिबांकडून फी घ्यायची नाही, हा शिरस्ता. 1959 मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, आणि 21 जानेवारी 1960 ला पेनांगमध्ये, ज्या बेटावर जन्म झाला तिथंच, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते वारले.